नळी नंबर अकरा

२ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि आमचे हे लिहितात. जन्मभर कारकुनी केली, हाताला सवय आहे. वही फक्त माझी. मलाच वाचता येत नाही, म्हणजे गुपित किती पक्कं.
संकल्प: सूनबाईवर नजर ठेवायची. प्रेमाने.

४ मार्च
वीस तारखेला सूनबाईच्या संशोधन संस्थेत तिचा सत्कार. म्हाताऱ्यांच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी लस टोचल्यावर उशिरा जाग्या होतात, असा पेपर तिने छापला होता. आता म्हणे जगातल्या चारशे शास्त्रज्ञांनी आपापल्या पेपरात त्याचा दाखला दिलाय. चारशे जण फुकट कुणाचं नाव घेत नाहीत. त्या पेपरात काहीतरी खास असणार. काय ते मला ठाऊक आहे. माझं रक्त.

५ मार्च
यांनी विचारलं, कशावरून? म्हटलं, तुम्ही लिहा.
काही वर्षांपूर्वी त्या पेपरासाठी लस टोचून रक्त घेतलं, तेव्हा सूनबाईच्या लॅबमध्ये आम्ही एकोणीस म्हातारे ओळीने बसलो होतो. बाकीचे वाळलेले. माझी नळी भरताना नर्स म्हणाली, आजी, छान येतंय हो. बाकी अठरा जणांना नाही म्हणाली. माझ्या नळीवर दोन उभ्या काठ्या. अकरा. आकडे मला कळतात.
जन्मात माझं नाव कुठे छापून आलेलं नाही. त्या पेपरात असायलाच हवं.

८ मार्च, दुपार
सूनबाई लॅबमध्ये. तिच्या टेबलावरचा पेपर यांना वाचायला लावला. नाव कुणाचंच नाही, नुसते नंबर. एक ते दहा, मग थेट बारा. तीनदा मोजून घेतलं. अकरा गायब.
कुठेतरी पाणी मुरतंय.

९ मार्च
उलगडा झाला. दुकानदार चांगला माल मागे ठेवतो. माझं रक्त तिने पुढच्या, मोठ्या पेपरासाठी फ्रिजमध्ये दडवलंय.
पुरावा: रक्त दिल्यावर महिन्याभरात तिने माझ्या उशीखालची गुडघ्याच्या गोळ्यांची डबी उचलली. शेजारणीने मायेने दिलेल्या गोळ्या. वर डॉक्टरकडे नेऊन हळूहळू बंद करायला लावल्या. म्हणजे माझ्या रक्तावर पहारा तेव्हापासूनच.
शेजारणीने परवा नवी डबी दिली. पिठाच्या डब्यामागे ठेवली आहे. हे वाक्य खोडायला सांगितलंय.

१३ मार्च
आडून विचारलं, अकरा नंबरचं काय झालं गं? चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, आई, तुम्हाला अकरा कुठे भेटला? म्हटलं, सहज. तर म्हणाली, वीस तारखेला या, अकराबद्दल सांगणारच आहे.
म्हणजे स्टेजवर बोलावणार. यांनी पेन थांबवून छताकडे पाहिलं. भरून आलं असावं.

१९ मार्च
भाषण पाठ. एकच वाक्य: मी काही केलं नाही, रक्तच तसं होतं. चप्पल नवी. स्टेजला पायऱ्या आहेत, म्हणून आज एक गोळी जास्त. सत्कार झाला की गोळ्या बंद. नक्की.

२१ मार्च
काल पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर दोन काठ्या आल्या. मी उठायला लागले.
सूनबाई म्हणाली, अकरा नंबरच्या पेशी लस टोचून तीन आठवडे झाले तरी घोरत होत्या. आम्ही हैराण. मग कळलं, बाई कुणाला न सांगता गुडघ्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. त्या गोळ्या पेशींना झोपवतात. म्हणून ते रक्त वगळलं आणि रक्त देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये अशा गोळ्यांबद्दल एक प्रश्न वाढवला. आज साठ लॅबमध्ये तो प्रश्न विचारतात. माझ्या पेपराचं राहू द्या, माझं खरं वापरात असलेलं काम ते.
सगळे हसले. हेसुद्धा. मी अर्धी उठले होते. खोकले आणि बसले.

२४ मार्च
रागावलेली नाही. साठ लॅब म्हणजे काही थोड्या नव्हेत, आणि प्रश्न तर माझाच.
सूनबाईला नव्या अभ्यासाला म्हातारे हवेत. संध्याकाळी फॉर्म आणला. प्रश्न नववा: घरच्यांना न सांगता, कुणी दिलेल्या गोळ्या घेता का? मी ठणकावून नाही म्हटलं. फॉर्म हे भरत होते. खूण कुठे केली, मला काय कळणार?
सूनबाईने फॉर्म वाचला, उठली, आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा बाजूला सरकवला.
जागा मी कुणालाच सांगितली नव्हती. फक्त या वहीला.