मान वर करायची नाही

४ मार्च, मंगळवार

सासूबाई ऑपरेशन होऊन घरी आल्या. डॉक्टरीणबाईंनी परत एकदा कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या पडद्याला अगदी मध्यभागी भोक. टाका घालता येत नाही, म्हणून आत गॅसचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा वर चढणार, तेव्हा सासूबाईंनी आठवडाभर तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे तो भोकावर दाबून बसेल आणि भोक मिटेल. "बहुतेक," असं बाई दोनदा म्हणाल्या.

डावा डोळा लहानपणापासून नावालाच. जे काय आहे ते हा उजवा.

पुण्यात कुणाला बोलल्या नव्हत्या. इथे आमच्याकडे आल्यावर इराला म्हणाल्या, "तुझ्या बाबांचे कान दिसतात, तोंड दिसत नाही." मला वाटलं टोमणा, म्हणून हसलो होतो. आता आठवलं की कसंतरी होतं.

५ मार्च, बुधवार

केतकीचं ऑडिट ऐन भरात. आई ऑपरेशनची आणि बॉस ऑडिटचा, बिचारी सकाळी हार्बरफ्रंटला ऑफिसात जाते ती दिवेलागणीलाच इकडे पासिर रिसला घरी उगवते. मी घरून काम. म्हणजे दिवसभर सासूबाई आणि मी. लग्नाला अकरा वर्षं झाली, आमचं एकूण संभाषण: "प्रवास बरा झाला?" "हो." "जेवून घ्या." "हो."

भाड्याची खुर्ची आली. मालिश करतात तिथे असते तसली. पुढे ओणवं व्हायचं, तोंडासाठी उशीला भोक. छान बसतात. पण मी खोलीत पाऊल टाकलं की मान वर! "या निखिलराव, बसा." मग ओढणी शोधणार, गाऊन सारखा करणार. पाणी द्यायला गेलो, मान वर. चार्जर घ्यायला गेलो, मान वर.

संध्याकाळी केतकी चिडली. "आई, तो काय पाहुणा आहे?"

"जावई आहेत."

"अकरा वर्षं झाली आई!"

"म्हणून काय, जावयापुढे पाठ वाकवून पडून राहू?"

६ मार्च, गुरुवार

आज अनवाणी, चोरपावलांनी गेलो. "आफ्टरशेव्ह," म्हणाल्या. मान वर.

त्यात भर कंटाळ्याची. फोनवर अभंग लावले, दुपारपर्यंत सगळे संपले. पुण्याच्या भावजयीशी बोलून झालं, दोघींचं भांडणही झालं. "जरा कुंड्यांना पाणी घालून येते," म्हणून उठल्याच होत्या. मी मीटिंग सोडून धावलो. अर्धं ऑफिस बघत होतं.

इरा शाळेतून आली आणि तिने ती जुनी ब्रिटिश कॉमेडी लावली. हल्ली तिचं हेच वेड. शब्द जवळजवळ नाहीत, नुसतं धडपडणं. इरा खिदळतेय म्हटल्यावर आतून हाक आली, "काय झालं गं?"

"आजी, ही फेल डाउन लाह." (इथल्या पोरांच्या इंग्रजीत वाक्याच्या शेपटीला 'लाह' लागतंच.)

"मग?"

"देन ही फेल अगेन."

"का पण?"

"बिकॉज ही फेल डाउन ऑलरेडी!"

सासूबाईंचं समाधान होईना. पण एक लक्षात आलं, तेवढा वेळ त्या हलल्या नव्हत्या.

७ मार्च, शुक्रवार

टीव्हीवर काय चाललंय ते मीच सांगायचं ठरवलं. टीव्ही त्यांच्या खोलीत नेला. इरा सोफ्याच्या उशीवर, मी दारात, सासूबाई खुर्चीत ओणव्या.

गोष्ट अशी. चौकटीच्या कोटातला एक बुटका माणूस. मालकाने त्याला तीन मजली केक लग्नघरी पोचवायला सांगितलाय. डबलडेकर बस. केक दोन्ही हातात, त्यामुळे तिकीट तोंडात. मी अगदी मीटिंगचा वृत्तांत द्यावा तसं सांगत होतो: "आता कंडक्टर आला. तिकीट मागतोय. याला तोंड उघडता येत नाही." खुर्ची हळूहळू थरथरायला लागली. मला वाटलं चक्कर. हसत होत्या!

पुढे हा उतरतो आणि बसच्या दारात पँट अडकते. आता हे सासूबाईंना कसं सांगायचं? म्हटलं, "त्याचा... कोट अडकला."

"नो लाह बाबा! हिज पँट्स! पँट्स गॉन! ही रनिंग विथ द केक!"

सासूबाई "अगो बाई!" म्हणाल्या, मान मागे टाकली आणि मोकळ्या हसल्या. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मीही हसत होतो. आम्हा तिघांपैकी एकालाही लगेच कळलं नाही. इराच गप्प झाली आधी. "आजी, युअर हेड."

मी झटकन टीव्ही बंद केला.

८ मार्च, शनिवार

केतकीला सांगून टाकलं. ती ओरडली नाही, म्हणून जास्त घाबरलो. दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, थोडा वेळ झालं तर ठीक, पण परत नको. मंगळवारी बघू.

केतकीचा हुकूम: "आईला हसवायचं नाही."

आणि नाही हसवलं तर त्या उठून कुंड्यांकडे जाणार. इकडून तिकडून मान वरच.

दुपारभर सासूबाईंनी कुंड्यांचं नावही काढलं नाही. त्यांनाही भीती वाटतेय, हे आज पहिल्यांदा कळलं. एकदाच खालच्या आवाजात विचारलं, "निखिलराव, केक पोचला का हो?"

"सोमवारी सांगतो," म्हटलं. धीरच झाला नाही.

१० मार्च, सोमवार

सुचलं! अंघोळ करताना सुचलं. सासूबाई मान वर करतात कारण मी वर असतो. हसतात तेही माझ्या दिशेने. मग मीच खाली गेलो तर?

योगाची चटई खुर्चीच्या बरोबर खाली अंथरली आणि उताणा झोपलो. उशीच्या भोकातून सासूबाईंचा चेहरा, माझ्या वर हातभर.

"अहो, हे काय! जावई जमिनीवर!"

"आई, आता 'या बसा' म्हणायचं तर खालीच बघून म्हणा."

इराने एपिसोड लावला. टीव्ही आडवा दिसत होता, पण मला सगळं पाठ होतं. पँट गेलेला बुटका केक घेऊन तळ्यापाशी येतो. बदकं मागे लागतात. पाद्रीसाहेब मदतीला येतात आणि तेच तळ्यात. केक मात्र शाबूत. सगळं वऱ्हाड टाळ्या वाजवतं, तेव्हा हा वाकून नमस्कार करतो आणि... इथे मी थांबलो.

"आणि केकवर पडतो!" सासूबाईच ओरडल्या. हसत हसत, खाली बघून. मान एक इंचही हलली नाही. डोळ्यातलं पाणी टपकन माझ्या गालावर. मग भोकातून ओढणी. मग खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून आणलेला तेह, इथे पिशवीत बांधून स्ट्रॉ घालून मिळतो तो चहा, ओणव्याने पिता यावा म्हणून मीच खुर्चीला टांगला होता, तो पिशवीसकट माझ्या छातीवर. गरम! मी बोंबललो, त्या आणखी हसल्या.

केतकी नेमकी लवकर आली. दारात उभी. आईचा चेहरा खाली, नवरा चटईवर चहात भिजलेला. इराशेजारी बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून लावा."

इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्यांना फारसा पसंत नाही. त्या नुसत्या बुजायच्या. मीही.

११ मार्च, मंगळवार

तपासणी. भोकाच्या कडा जवळ आल्यासारख्या वाटतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शुक्रवारचं सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यामुळे काही बिघडलेलं दिसत नाही. मी खुर्चीत बसून घेतलं. मान वर करायला परवानगी. पण नजर कितपत येईल ते बुडबुडा विरघळल्यावरच. तोवर विमान बंद, उंचावर डोळ्यातला गॅस फुगतो.

"म्हणजे राहावं लागणार इथेच," सासूबाई. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

१५ मार्च, शनिवार

बुडबुड्याच्या वरून दिसायला लागलंय. टाकीतल्या पाण्यासारखी आडवी रेघ, म्हणतात, हललं की डुचमळते. रेघेच्या वर जग, खाली नुसतं धुकं. रोज रेघ थोडी खाली. काल पंखा दिसला. आज जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे तोंड करून बराच वेळ बसल्या.

"निखिलराव, तुमचे केस कधी गेले हो?"

इरा खुर्चीवरून पडायची राहिली.

१८ मार्च, मंगळवार

रेघ जवळजवळ मध्यावर. खरी परीक्षा आता. भोक होतं ते तिथेच. माझं तोंड दिसलं, तर ते मिटलं म्हणायचं.

संध्याकाळी समोर स्टूल टाकून बसवलं मला. केतकी दाराशी, ओठ चावत. सासूबाई सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"कपाळ दिसतंय. आठ्या आहेत."

"टेन्शन आहे आई."

"भुवया... भुवया आल्या. चष्म्याची वरची दांडी आहे." मग थांबल्या. "पुढे रेघ डुचमळतेय. हलले बहुतेक मी." हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते. "निखिलराव, जरा हसा बघू. हसलात तर ओळखता येईल."

असं सांगून कधी हसू येतं का? पण हसलो, सगळे दात दाखवून. त्या निरखून बघत राहिल्या, अजिबात न हलता.

"थांबा हं," म्हणाल्या, "रेघ ठरू दे. तसेच राहा."

गाल दुखायला लागले, पण मी तसाच बसून राहिलो.