अभिप्राय लेखी कळवावा

मंगळवार, ३ जून

पत्र आलं. नित्याच्या वडिलांचं, व्यासराजांचं. चार वेळा वाचलं तरी विश्वास बसत नाही.

नऊ दिवसांपूर्वी हाच माणूस मैलापूरला त्यांच्या घरी मला "अक्का, अक्का" करत होता. पानात तिसऱ्यांदा भात वाढत "अस्की चोखट जाहलं" म्हणत होता. सगळं छान झालं, असं त्यांच्या तंजावरकडच्या मराठीत. निम्मं कळतं, निम्मं गोड लागतं. तन्मय आणि नित्याचं लग्न त्या पानावरच ठरलं, असं मी धरून चालले होते.

आणि आता हे! 'सौभाग्यवती वज्रचुडेमंडित विद्युलताबाई यांसी विज्ञापना. आमचे कन्येचा विवाह आपले चिरंजीवांशी करावयाचे योजिले आहे. तरी आपला अभिप्राय लेखी कळवावा. बहुत काय लिहिणे.'

कोपऱ्यांना हळद लावलीय. हळद काय, रिवाज म्हणून कुणीही लावतं.

पण लेखी कशाला?

बुधवार, ४ जून

बावीस वर्षं नुंगंबाक्कमच्या ऑफिसात सरकारी पत्रांची इंग्रजी-हिंदी भाषांतरं करतेय. एवढं तरी कळतं. साधं लिहितो तो माणूस आपला. 'विज्ञापना', 'सविनय' सुरू झालं की काहीतरी काढून घेणार. आमच्या ऑफिसातल्या मुरलीचंच घ्या. साहेबांनी आदल्या दिवशी त्याला कॉफी पाजली, खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद — 'आपणांस कळविण्यात येते की'. थेट कोहिमाला बदली!

अशोकना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "अगं, जुन्या वळणाचा माणूस आहे. त्यात काय वावगं?" ह्यांना कुणीही गुंडाळावं.

अक्षर बघितलं नीट. एकेक अक्षर कोरल्यासारखं, ओळ सोडून तसूभर हललेलं नाही. स्वतःचं लिहिणारा असं लिहितो का? कुणाकडून तरी मजकूर बनवून घेतलाय. वकील असेल. आणि कागद पाठकोरा — मागच्या बाजूला तमिळमध्ये सात-आठ ओळी खरडलेल्या. तमिळ मला बोलण्यापुरतं येतं, वाचता येत नाही. ज्योतिषाचं टिपण असणार. मुलीच्या सोयरिकीच्या पत्राला कोरा कागदसुद्धा मिळाला नाही!

शनिवार, ७ जून

उत्तराचा खर्डा.

पहिला — 'व्यासराजमामा, अहो हे काय, एकदम वज्रचुडेमंडित? आम्ही तर कधीचेच तयार आहोत.' लिहिला आणि फाडला. आपण गळ्यात पडायचं आणि त्यांनी हात झटकायचे? मग माझ्या मुलाचं हसं.

दुसरा अर्धवट. ना धड गोड, ना धड कडू. तोही फाडला.

तन्मय विचारतोय, "आई, लिहिलंस का?" पत्र बघायला मागत होता. दिलं नाही. त्याचा त्या मुलीवर किती जीव आहे ते मला दिसतं. घाव बसायचाच असेल तर आधी मला कळू दे. पत्र भोक पाडून फायलीत लावलंय.

सोमवार, ९ जून

जशास तसे. पाठवलं.

'आपले पत्र मिळाले. त्यातील मजकुराची नोंद घेतली आहे. योग्य त्या विचारान्ती आमचा निर्णय कळविण्यात येईल.'

ऑफिसात असं वाक्य एका झटक्यात लिहून होतं. आज चार कागद लागले.

शुक्रवार, १३ जून

तिकडून काही नाही. बघा, म्हटलं नव्हतं?

रविवार, १५ जून

नित्याचा फोन. "आंटी, तुमचं लेटर पाहून अप्पा गप्पच झालेत. तुम्हाला राग आला का? काय चुकलं ते सांगा ना."

मुलीला पुढे केलंय. हीसुद्धा खेळीच! "मी कामात आहे," म्हटलं आणि ठेवला. तिचा आवाज भरून आला होता. तोही मी संशयानेच ऐकला.

नंतर दोनदा वाजला. उचलला नाही.

गुरुवार, १९ जून

लग्नासाठी आवणीतल्या, म्हणजे ऑगस्टअखेरच्या, तारखेचा हॉल त्यांनी धरून ठेवला होता, तो सोडला म्हणे. तन्मयने सांगितलं, माझ्याकडे न बघता. बहुतेक अमेरिकेतलं स्थळ आलं असणार.

मी बरोबर होते. मग जेवण का जात नाही?

सोमवार, २३ जून

तन्मय ऑफिसातून येतो, खोलीत जातो, दार लावतो. अशोक म्हणाले, "तू जाऊन बोल त्यांच्याशी. मैलापूर काय सातासमुद्रापार आहे?" मी म्हटलं, लेखी त्यांनी मागितलंय. माझं वाक्य माझ्याच कानाला वाईट लागलं.

गुरुवार, २६ जून

तन्मयने आज फाइल माझ्या हातातून ओढून घेतली. "एवढं काय लिहिलंय ते बघू दे मला."

देवनागरी त्याला अडखळत येते. शाळा सगळी इथली, तमिळ शिकवणारी. दोन ओळी लावल्या, कंटाळून कागद उलटला. आणि मागचं तमिळ भरभर वाचायला लागला — मोठ्याने. शब्द मात्र मराठी! मी म्हटलं, अर्थ सांगू नकोस, आहे तसं वाच. तो म्हणाला, "आई, आहे तसंच वाचतोय."

त्याच्याकडून पुन्हा वाचवून उतरवून घेतलं —

'अक्का, या कागदाची पुढली बाजू आमच्या आजोबांच्या जुन्या पत्रांत पाहून लिहिली. एक पान लिहायास आठ दिवस लागले. मुलीचं मागणं तशाच अक्षरांत जावं, मणून. घरातलं मराठी आमी तमिळ अक्षरांतच लिहितों, दुसरं येत नाही. तुमचं एक पत्र मज पाहिजे, आजोबांच्या पत्रांसंगती ठेवीन. अक्का, नित्या आमची एकलीच. चुकली तर रागवा. बोलणं मात्र सोडूं नका, तिला तें सोसत नाही.'

मी तिच्याशी बोलून आज अकरा दिवस झाले.