माझी उणीव

३ जानेवारी
रोजनिशी, माफ कर. मागची नोंद पावसाळ्यातली. लिहिण्यासारखं घडलं नाही. जे घडलं तेही, ही म्हणते, लिहिण्यासारखं नव्हतं.
गावात साहित्य फेस्टिव्हल भरतोय. बाहेरचे लेखक येणार, शिवाय इथले. इथला म्हणजे मीच. काव्यसंग्रह एकच, पण स्वखर्चाने. कुणाचे उपकार नाहीत.
चार वर्षांपूर्वी, हा फेस्टिव्हल भरवणाऱ्या साहित्य मंडळाच्या मासिक बैठकीत सेक्रेटरीने माझी कविता मध्येच थांबवली. चहा निवतोय म्हणे! तेव्हापासून बैठकीला जाणं बंद, त्यांचे फोन घेणं बंद. माझी उणीव जाणवलीच पाहिजे. ही म्हणाली, ज्यांना जाणवायची त्यांना पत्ताच नाही.

९ जानेवारी
आमंत्रण नाही. स्वतःहून विचारायचं नाही, ठरलं. सूनबाई म्हणाली, बाबा, मी फोन करून बघू? ओरडलो. घसा बसला.

१२ जानेवारी, सकाळ
घसा मोकळा! फोटो स्टुडिओवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, काका, फेस्टिव्हलवाले तुमचा तो जुना फोटो मोठा करून घेऊन गेले. काळ्या फ्रेममध्ये. मला सोनेरी आवडली असती, पण साहित्यिकांची आवड साधी असते. सत्कार नक्की. मला कळवलं नाही, म्हणजे सरप्राइज.

१३ जानेवारी
उत्तराचं भाषण: सतरा पानं. एक ओळ कमी करणार नाही. ही म्हणाली, चहा पुन्हा निवेल.

१५ जानेवारी, दुपार
निघतोय. मीटर-रीडिंगच्या नोकरीतला कोट. खिशाचं अस्तर फाटलंय, भाषण आत घसरतंय.

१५ जानेवारी, संध्याकाळ
मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. नाव पुकारलं की सगळ्यांनी वळून बघावं. सुरुवातीलाच मंचावर माझा तो फोटो. डोक्यावर भरपूर केस, गेल्या चार वर्षांत गळाले ते. सेक्रेटरी म्हणाला, साधा मीटर-रीडर, सातवी शिकलेला, पण शब्दांवर जीव टाकणारा. मला गहिवरून आलं. मग म्हणाला, त्यांची उणीव कायम जाणवेल.
अख्खा हॉल उभा राहिला. मी बसून होतो. सत्कारमूर्तीने उठायचं नसतं. शेजारची बाई दातओठ खात म्हणाली, आजोबा, उठा की, गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा.
उठलो. मान खाली घातली. पाहुण्या लेखकाला गाडी गाठायची होती, म्हणून मौन लवकर आटोपलं. सगळे बसले. मी जरा वेळ उभाच होतो.
नंतर सेक्रेटरीला गाठलं. तोंड उघडणार तोच म्हणाला, सही हवीय ना आजोबा? पाहुणे तिकडे आहेत, घाई करा.

१६ जानेवारी
सूनबाई आधी फिसकन हसली, मग आत जाऊन रडली. मुलगा पेटलाय. म्हणतो, फोन लावतो, जाहीर माफी मागायला लावतो. मी थांबवलं. चारचौघांत माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोण बोललं होतं? जिवंत निघालो तर शब्द मागे घेतील.
ही कोटाचं अस्तर शिवत बसली.

१७ जानेवारी
चिठ्ठीचा कच्चा मजकूर:
सेक्रेटरीसाहेब, माझ्यावर छान बोललात. एक शब्दही बदलू नका. फक्त, मी अजून आहे. घर तेच. बेल बिघडलीय, दार वाजवावं. बैठकीला यायची तयारी आहे. कविता वाचणार नाही, नुसता बसेन. चहा निवणार नाही. येऊ का, तेवढं लवकर कळवा.