ड्रमरचा बसलेला आवाज

पाइन फोर्क, केंटकी
३ नोव्हेंबर १९७४

ती. हार्लनदादास, वर्नाचा शि. सा. न.

तू ओहायोला परत गेलास आणि आठवड्यात आपल्या ड्रमरचे मागचे पाय गेले, मग पुढचे. एल्मर गेल्यापासून घरात मज विधवेला सोबत या शिकारी कुत्र्याचीच. आता भुंकायला जातो तर नुसती हवा निघते.

माझा संशय शेजारच्या रॉइसवर. यानेच काहीतरी खाऊ घातलंय. रोज मक्याच्या पावाचा काला घेऊन येतो, ड्रमरची कूस बदलतो, माझी नजर चुकवतो. एवढी माया कशाला? काला मी मागच्या दारी फेकते.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, चिमटा काढला की ड्रमरला कळतं, पण गुडघ्यावर ठोकलं तर पाय हलत नाही; बिघाड नसांत आहे. रॅकून चावला का, असं दोनदा विचारलं. मी ठणकावून सांगितलं, एल्मरनंतर कुत्रा शिकारीला गेलेलाच नाही. मग विषच असेल म्हणाले. शनिवारी सुई देऊन सोडवू या. रॉइस खाली बघत उभा होता. शेरीफकडे जाऊ का?

हृदयाच्या झटक्यानंतर तुला रान बंद आहे, विसरू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी, वर्ना

६ नोव्हेंबर

चि. वर्नास, अ. आ.

फोनवर बोलायची छाती झाली नाही, म्हणून जलद टपालाने लिहितोय. सुई देऊ नका. ड्रमरच्या उजव्या कानामागे बोटं फिरव, खपली लागेल. ती रॅकूनच्या चाव्याची. तू चर्चच्या मेळाव्याला गेलीस तेव्हा मीच त्याला रानात नेलं. एकदा रॅकूनमागे धावतानाचा त्याचा आवाज ऐकायचा होता, बस. मी एकटा कुठे कोसळेन म्हणून रॉइस नाइलाजाने आला. तुला सांगायचं नाही, असा शब्द मी त्याच्याकडून घेतला.

डॉक्टरांना हे आधी सांग. असे दोन कुत्रे मी उठलेले पाहिलेत. मऊ गवतावर ठेव, कूस बदलत राहा, पाय चोळ, हाताने भरव. महिना-दोन महिने लागतील.

रागाव, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझा अपराधी, हार्लन

२२ डिसेंबर

ती. हार्लनदादास, नुसता नमस्कार. साष्टांग मुद्दाम गाळलाय.

तुझं पत्र आलं तेव्हा डॉक्टर बॅग घेऊन अंगणात उभे होते. खपली सापडली. रॉइसची मी माफी मागितली, तर म्हणाला, वहिनी, काला तेवढा फेकू नका, बायको भल्या पहाटे उठून करते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा ड्रमर भिंतीला टेकून उभा राहिला. आज भुंकला, घोगरा का होईना. मी आणि रॉइस दोघंही रडलो.

तुला ऐकायचंय तर ये आणि ओसरीवर बसून ऐक. येताना हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आण, तुझ्या शब्दावर माझा विश्वास उरला नाही. एल्मरलाही रानातूनच उचलून आणलं होतं, दादा. त्याच्या सोबतीला कोणी रॉइस नव्हता.

तुझी, वर्ना