खालचा डावा कोपरा

सोमवार, ४ तारीख

मिळाली एकदाची नोकरी! आणि नोकरीबरोबर स्टुडिओच्या डोक्यावरची खोलीसुद्धा. मोठी खिडकी, दिवसभर ऊन. डॉक्टरांनी धाकटीला नेमकं हेच सांगितलं होतं, ऊन आणि विश्रांती; औषधं तर आजवर पोतंभर झाली. छातीच्या दुखण्यानं माझी बहीण नुसती काडी झाली आहे. आल्या आल्या ती खिडकीत जाऊन बसली आणि म्हणाली की ताई, आता मी इथून हलायची नाही. मी म्हटलं, नका हलू महाराणी, सामान मी लावते.

मालक वयस्क, कमी बोलणारे, पण सज्जन वाटले. विकायला काढलेल्या रिकाम्या घरांचे फोटो काढायचे, एवढंच काम. आधीचा फोटोग्राफर एकाएकी गेला म्हणे. त्याची छत्री अजून दारामागे टांगलेली आहे.

बुधवार

लेन्स जुनी आणि महा खोडकर आहे. अख्खी खोली पकडते खरी, पण फोटोचे कोपरे काळवंडतात, आणि डावीकडे गुलाबी झाक तर उजवीकडे हिरवी. इलाज सोपा. लेन्ससमोर दुधी प्लास्टिकची पाटी धरून नुसत्या उजेडाचा फोटो घ्यायचा. याला आम्ही ‘कोरी’ म्हणतो. कोरीत जिथे जेवढा काळोख दिसेल, तिथे कॉम्प्युटर खरा फोटो तेवढाच उजळतो. झालं काम.

मालकांची ताकीद एकच. आधीच्याची कोरी कॉम्प्युटरमध्ये आहे, तीच वापरायची, नवी काढायची नाही. मी उघडून बघितली तर खालच्या डाव्या कोपऱ्यात हा एवढा डाग! डोकं आणि खांदे असावेत तसा. असल्या कोरीनं फोटोत त्या जागी पांढरा चट्टा पडायला हवा. पडत मात्र नाही. हे काही माझ्या पचनी पडेना. मी घरात भांड्यावरचा डाग खपवून घेत नाही, इथे कशी घेईन?

गुरुवार

मालक बाहेर गेले तेवढ्यात नवी, स्वच्छ कोरी काढली आणि जुनी पुसून टाकली. रंग काय सुरेख आले! कोपरे लख्ख.

पण प्रत्येक फोटोत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, कुणीतरी उभं आहे. पाठमोरं. घरं तर रिकामी होती, कुलपं मीच उघडली होती. त्या डागाच्याच मापाचं आहे ते. म्हणजे डाग ही घाण नव्हती. त्या डागामुळे इतके दिवस हे उजळून भिंतीत मिसळून जात होतं.

दुपारी जिन्यात एक दाढी वाढलेला माणूस दिसला. हा कुठला महिना म्हणून विचारत होता. त्याला बघून मालकांच्या हातून कप सुटला. त्या माणसानं दारामागची छत्री काढली आणि उराशी धरून पायरीवर बसला. मालक मला एवढंच म्हणाले की बाई, हात दाखवून अवलक्षण केलंत.

शुक्रवार

ते सरकलंय. आजच्या फोटोंत ते खोलीच्या मध्यावर आहे आणि अर्धं वळलेलं.

कॅमेरा आणि कॉम्प्युटर वर आणून आमच्या खोलीचा फोटो काढून बघितला. धाकटीच्या खाटेशी उभं आहे. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. लेन्सच बिघडली असेल म्हणून खिडकीकडे तोंड करून पुन्हा कोरी काढायला घेतली. तेवढ्यात धाकटी मध्ये आली, जेवलीस का म्हणून विचारायला. तिची सावली पाटीवर पडली आणि बटण दाबलं गेलं. हसत सुटली वेडी.

तीच कोरी लावून बघितली. ते नाहीसं! खाट, उशी, भिंत, सगळं स्वच्छ. जीव भांड्यात पडला. उद्या सकाळी हीच कोरी कायमची लावणार.

शनिवार, सकाळ

कोरी लावून वळले, तर धाकटी नाही.

चहा अर्धा प्यायलेला. अजून वाफ आहे. चपला दाराशी. कडी आतून लावलेली —

शनिवार, दुपार

पायरीवरच्या माणसानं सगळं सांगितलं, मान वर न करता. तोच आधीचा फोटोग्राफर. त्या डागात तो होता. लेन्समधलं ते झाकायला माणसाची सावली लागते, आणि ज्याची सावली तोही झाकला जातो. मी कोरी पुसली म्हणून तो सुटला. मालकांना हे ठाऊक होतं.

स्वच्छ कोरी लावली तर धाकटी परत येईल. पण तेही असेल, तिच्या उशाशी.

तिथे दुखतं का, विचारलं. नाही म्हणाला. सगळ्यांचं ऐकू येतं, आपलं कुणाला ऐकू जात नाही, एवढंच.

पाटीपुढे तू उभा राहा, म्हणून मी त्याच्या पाया पडले. छत्री घेऊन पळाला. त्याला तरी काय बोलू.

नंतर

कॅमेरा स्टँडवर. टायमर लावला. पाटीपुढे उभी राहिले. निघाली कोरी. माझेच खांदे, माझाच विस्कटलेला अंबाडा.

धाकटे, औषधं डावीकडच्या खणात. उन्हात बसत जा. ही कोरी पुसू नकोस. मला शोधायला म्हणूनसुद्धा नको. हसू नकोस, ऐक माझं.

तिची कोरी पुसून माझी लावली. कॉम्प्युटरवर पट्टी सरकतेय —

खोकला! तिचाच. आली! खाटेवर बसली आहे, केस पिंजारलेले, चहा गार झाला म्हणून कुरकुरतेय. आली गं माझी —

ताई म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

पुन्हा मारतेय. मी ओ —

जिन्यात डोकावली. परत आली. रडतेय. अगं, इथेच आहे मी, तुझ्या अगदी —