दादांचा फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नका

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. (वयाने तुम्ही मोठे असाल, पण नात्याने मी थोरली, तेव्हा मुकाट्याने घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही आहेत तसेच. एक कुरकुरतो, दुसरा त्याला साथ देतो. पत्र मी सांगतेय, लिहितोय तुमचा पुतण्या. मला अक्षर येत नसलं तरी पेनाची खरखर ऐकू येते, त्यामुळे स्वतःबद्दलचा मजकूर तो गाळेल ही काळजी नको. शिवाय शेवटी नात मला सगळं वाचून दाखवणार आहे.

पत्रास कारण असं, की तुमच्या नातवाच्या लग्नात तुम्ही मुलाने दिलेल्या नव्या कॅमेऱ्यावर तुमच्या दादांचा जुना फ्लॅश लावून फोटो काढणार म्हणालात. भाऊजी, तसं करू नका, कॅमेरा जळेल. फोनवर हे सांगितलं तर तुम्ही ‘हॅ’ म्हणून विषय बदललात, म्हणून आता लेखी.

ह्यांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा फ्लॅशच्या जोडीतला एक तुम्ही नेलात, एक आमच्या कपाटात राहिला. गेल्या महिन्यात तो तुमच्या पुतण्याला सापडला. त्याने सेल घातले, फ्लॅश डासासारखा गुणगुणायला लागला, मागचा दिवा लागला, आणि ह्याला वडिलांची आठवण अशी दाटून आली की त्याने तो सरळ आपल्या नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला. मी सोफ्यावर होते, फोटो माझाच काढला. लखलखाट झाला आणि कॅमेऱ्याने जो डोळा मिटला तो अजून उघडलेला नाही. (इथे पेन थांबलंय. लिही बाबा, काकांपासून काय लपवायचं.)

मग नात वीज मोजायचं मीटर घेऊन आली. फ्लॅश पुरता भरू दिला, मीटरची एक काडी त्याच्या पायाच्या मधल्या टिकलीला आणि दुसरी कडेच्या पत्र्याला टेकवली, तर दोनशे चाळीस व्होल्ट. ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या की काम झालं. त्यांना कशाची फिकीर नव्हती. नव्या कॅमेऱ्यांचं पोट नाजूक. कोणाला किती सोसतं ते त्याच्या पुस्तिकेत असतं म्हणे. आमची पुस्तिका खोक्यातच होती, घडीसुद्धा न मोडलेली.

मग वायरलेस ट्रिगर आला. त्याचे दोन तुकडे. एक कॅमेऱ्यावर बसतो, दुसरा लांब फ्लॅशच्या पायाखाली, आणि दोघं हवेतून बोलतात. मध्ये तार नाही, म्हणून फ्लॅशची वीज कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. सगळी मेख इथेच आहे. तर तुमच्या पुतण्याने काय करावं? कॅमेऱ्यावर पहिला तुकडा, आणि त्याच तुकड्याच्या डोक्यावर फ्लॅश. उतरंडच रचली. म्हणजे भांडणाऱ्या जावांना वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं आणि चूल एकच ठेवायची. ह्या वेळी कॅमेरा नातीचा होता. “बाबा, हात मागे,” एवढंच ती म्हणाली, पण हुबेहूब माझ्या सासूबाई बोलल्यासारखं वाटलं.

फ्लॅशखालच्या तुकड्यालाही ती वीज सोसावी लागते. आणलेला जेमतेम बारा व्होल्टचा निघाला, तो परत केला. दुसरा तीनशेपर्यंत सोसणारा आणला. आता फ्लॅश तिकडे स्टुलावर, कॅमेरा नातीच्या हातात, मध्ये मी, सगळे सुखात. आणि हो, फ्लॅश बिघडला तरी उघडून बघू नका. सेल काढले तरी आत वीज दबा धरून बसलेली असते. तुम्हाला झाकणं काढायची खोड. आमच्या लग्नात आलेलं घड्याळ तुम्ही उघडलंत ते अजून उघडंच आहे.

घरात सर्वांना विचारलंय म्हणून सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. लग्न उरकलं की तुमचा फ्लॅश घेऊन इकडे या. भिंतीवर ह्यांच्या फोटोशेजारी एक खिळा रिकामा आहे. तिथे पुढेमागे लावायला तुमच्या पुतण्याने माझा जो फोटो काढून ठेवलाय, त्यात मी शिंकतेय. मला तिथे लावायचा फोटो माझ्या देखत, मला फोटोग्राफरवर ओरडता येतंय तोवर काढून हवा. एका फ्लॅशने अर्धंच तोंड उजळतं. तुमचे दादा एक चेहऱ्याला आणि एक केसांना मागून लावायचे, ते नेमकं कसं, हे आता तुम्हालाच ठाऊक.

आणखी ता. क. इतकं सांगूनही कॅमेरा जळलाच, तर मनाला लावून घेऊ नका. इथे नातीचा आहे. फ्लॅश तेवढा जपून आणा.