उरलेल्या दोन गोळ्या

लिंडेल,
७ ऑक्टोबर

चि. आर्व्हिल यास नेल्डाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुरुंगाच्या दारात आशीर्वादांची झडती घेत नसावेत, असे गृहीत धरते.

पत्रारंभी खुशाली विचारण्याचा प्रघात आहे. पण उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारणे ही मास्तरांची खोड. ती आज आवरते. मंगळवारी आईचा फोन आला. म्हणाली, आर्व्हिलला पुन्हा धरलं. मग म्हणाली की या खेपेला तो प्यालेला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. मला त्या वाक्याचा अन्वय लागेना. बावीस वर्षे लॅटिन शिकवून ही प्रगती.

मग तुझ्या प्रोबेशनवर देखरेख ठेवणाऱ्या टिप्टनबाईंना गाठले. बाई कोरड्या, पण खोट्या नाहीत. त्यांनी सांगितले की तुझी गाडी दोनदा रस्त्यामधली पिवळी रेघ ओलांडून गेली, नशा तपासायला पोलिसाने तुला रस्त्याकडेला एका पायावर उभे राहायला सांगितले, आणि तुला राहता आले नाही. तुझी पाठ धरलेली असताना दोन पायांवरही तू बगळ्यासारखा दिसतोस, हे त्या पोलिसाला कोण सांगणार! रक्तात दारूचा थेंब नाही, पण औषधे दोन. एक तुझ्या डॉक्टरने लिहून दिलेले. दुसरे कुठून आले ते त्यांना ठाऊक नाही. आणि सकाळी नऊला तू निघाला होतास कुठे, तर त्यांच्याच कचेरीत, हजेरी द्यायला.

दुसरे कुठून आले ते मला ठाऊक आहे. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या त्या दोन पांढऱ्या गोळ्या. लाकूड कापायच्या गिरणीत ओंडका उचलताना तुझी पाठ गेली, तेव्हा मी कोंबडी-भाताचा कॅसरोल घेऊन आले आणि झाकणावर चर्चच्या कागदात बांधून त्या ठेवल्या. आपल्या डोंगरात कोणी अंथरुणाला खिळले की जेवण आणि कपाटातली उरलेली औषधे बरोबरच पोचतात. भांडे तेवढे परत करायचे असते. डोकेदुखीच्या गोळीसारखीच आहे, असे मीच म्हणाले. तासभर गाडीत बसायचे असेल तर निघण्याआधी घे, असेही मीच म्हणाले.

हे पत्र तुझ्या वकिलाला दाखव. सत्य एकदा कागदावर उतरले की निम्मे काम होते.

लोभ वाढव, असे कोंडलेल्या माणसाला सांगणे बरे नव्हे. पण घटवू नकोस.

तुझी,
नेल्डाताई

~

कोल्टर्स गॅप, जिल्हा तुरुंग,
१२ ऑक्टोबर

ती. ताईस आर्व्हिलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुझं पत्र नाही, त्याची नक्कल. इथे टपाल उघडतात, वाचतात, यंत्रावर नक्कल काढून ती आम्हाला देतात. मूळ कागद त्यांच्याकडेच राहतो. तेव्हा ताई, हात जोडतो, तो विषय पुन्हा लिहू नकोस. आईचं लिही, कुत्र्याचं लिही, पानगळीचं लिही.

माझे वकील प्रुइट सरकारी आहेत, थकलेले आहेत, पण समोर बसले की डोळ्यांत बघून बोलतात. त्यांनी मला सगळं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मी पिऊन गाडी चालवली, तेव्हा न्यायाधीशांनी अकरा महिने एकोणतीस दिवसांची शिक्षा दिली आणि ती टांगून ठेवली. नीट वागलास तर घरी राहा, नाही तर तीच शिक्षा आत भोग, असं. आता ती टांगलेली शिक्षा खाली उतरवायची की नाही, याची सुनावणी २४ तारखेला आहे. तोवर जामीन नाही.

मी प्रुइटना म्हणालो की पाठीचं औषध तर डॉक्टरनंच दिलंय. ते म्हणाले, कायदा औषध कोणी दिलं ते विचारत नाही, गाडी कशी चालली ते विचारतो. आणि दुसरं औषध आणखी कोणाचं निघालं, तर तो माझा वेगळा गुन्हा आणि ज्यानं दिलं त्याचाही. म्हणजे खड्ड्यातून वर यायला शिडी मागावी, तर ते आणखी एक कुदळ देतात. मी विचारलं, मग गाडी चालवायचीच नव्हती का? म्हणाले, नव्हती. मी म्हटलं, आमच्या भागात बस नाही, आणि हजेरी चुकली तरी शिक्षा उतरतेच. त्यावर त्यांनी चष्मा पुसला.

माझ्या कोठडीत डॉइल म्हणून एक जण आहे. तो मला रोज कायदा शिकवतो आणि सांगतो की शुक्रवारी मी सुटतो. जूनपासून सांगतोय.

गिरणीतला मुकादम हॅस्केल माझी जागा नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत धरून ठेवेल. काळजी आईची आहे. तिला अंघोळीच्या टबातून उचलायला मी लागतो. मी वर्षभर आत राहिलो तर तिला वृद्धाश्रमात जावं लागेल, आणि ती जाणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

लोभ आहे, त्याची नक्कल काढता येत नाही.

तुझा,
आर्व्हिल

~

आईचे घर,
१६ ऑक्टोबर

चि. आर्व्हिल यास आशीर्वाद, आणि मधे पाकीट उघडणाऱ्या तिसऱ्या वाचकास सप्रेम नमस्कार. महाशय, माझे अक्षर लागते ना? न लागल्यास आनंदच आहे.

शाळेतून रजा काढून मी इथे आले आहे. आईला टबातून उचलते. तिचे म्हणणे असे की आर्व्हिल उचलतो तेव्हा परवानगी मागितल्यासारखा उचलतो, आणि तू कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं उचलतेस. साधे घेवड्याचे कालवण आणि मक्याचा पाव केला, तर म्हणाली की लॅटिन चांगलं शिकवत असशील. रविवारी चर्चमध्ये तिने उठून तुझ्यासाठी प्रार्थना मागितली, आणि देवाला संदर्भ लागावा म्हणून सगळी हकीकत तारीखवार सांगितली. आता जिल्ह्यात कोणालाच काही विचारायचे उरलेले नाही. तीन बायका कॅसरोल घेऊन आल्या. एकीने माझा गुडघा पाहिला आणि पर्स उघडली. मी तिचा हात धरून पर्स मिटवली. ती रुसून गेली.

तू म्हणतोस तो विषय मी लिहीत नाही. परंतु प्रुइटना मी फोन केला. मी पहिले वाक्य पुरे करण्याआधीच ते म्हणाले की बाई, मी काही ऐकलेलं नाही, तुम्ही आधी तुमचा वेगळा वकील करा. मी म्हणाले, मी साक्ष देणार आहे. ते म्हणाले की शिक्षिकेचा परवाना जाईल, आणि खटलाही होऊ शकेल. मी म्हणाले, व्याकरणाच्या चुका मी बावीस वर्षे लाल शाईने दाखवत आले आहे. एक चूक स्वतःची दाखवली तर आभाळ कोसळणार नाही.

२४ तारखेला मी येते. कर्ता कोण आणि क्रिया कोणाची, एवढे तरी त्या दालनात स्पष्ट होऊ दे.

आई म्हणते, त्याला सांग की जेवत जा. सांगितले.

लोभ जसा आहे तसाच ठेव, सध्या दोघींनाही पुरवून पुरवून वापरायचा आहे.

तुझी,
नेल्डाताई

~

तुरुंग,
२० ऑक्टोबर

ती. ताईस, नमस्कार. घाईत लिहितो, टपाल चारला जातं.

तू येऊ नकोस.

काल प्रुइट आले होते. तुझ्या पहिल्या पत्राची नक्कल सरकारी वकिलाच्या फाइलमध्ये आहे. मी भांडलो तर ती मोठ्यानं वाचली जाणार, आणि मग तुझंही प्रकरण उघडणार. मी कबूल झालो तर सहा महिने, बाकीची शिक्षा पुन्हा टांगलेली, आणि सरकारी वकील म्हणालाय की फाइल मिटली की मला त्या शिक्षिकेत रस नाही. लिहून दिलेलं नाही, नुसता म्हणालाय. आमच्याकडे एवढंच आहे.

मी कबूल होतोय. तू उठून बोललीस तर माझे महिने एकानंही कमी होणार नाहीत. आणि मग आपण दोघं आत, आणि आईला कोण उचलणार? हे मी रागानं म्हणत नाही. तू मला गोळी दिलीस तेव्हा माझी पाठ खरंच दुखत होती, आणि तू एकटीनं ते ओळखलं होतंस.

डॉइलला मी विचारलं, सहा महिने कसे जातात. म्हणाला, मला काय माहीत, मी शुक्रवारी सुटतोय.

लोभ असाच राहो, आणि तू घरी राहा.

तुझा,
आर्व्हिल

~

आईचे घर,
२५ ऑक्टोबर

चि. आर्व्हिल यास आशीर्वाद.

मी आले होते, हे तू पाहिलेस. मोठी बहीण आज्ञाधारक असावी असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

तिसऱ्या बाकावर बसले होते. सरकारी वकिलाची फाइल टेबलावर उघडी होती आणि मला तिथून माझे अक्षर ओळखू आले. त्या ओळी तिरक्या चढत जातात. घाईत लिहिले की माझे तसेच होते. तुला तुरुंगाच्या केशरी कपड्यांत आणले. तू बारीक झाला आहेस. न्यायाधीशांनी विचारले की हे सगळं समजून उमजून, कोणाच्या दबावाखाली न येता कबूल करतोस का? तू हो म्हणालास. इतक्या नम्रपणे तू शाळेत कधी उत्तर दिले नाहीस.

तेव्हा मी उठले. पाठ केलेली चार वाक्ये होती, छान होती, आधी कर्ता आणि शेवटी क्रिया. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले की बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का? प्रुइट छताकडे पाहू लागले. तू मान वळवलीस आणि फक्त एकदा, आई औषध नको म्हणताना हलवते तशी हलवलीस.

मी म्हणाले, मागचं दार लोटू का, वारा येतोय.

ते म्हणाले, लोटा. मी गेले, दार लोटले, आणि परत येऊन बसले. तेवढ्यात सहा महिने झाले होते.

बाहेर टिप्टनबाई भेटल्या. म्हणाल्या की गार होतं खरं आत.

शाळेला मी कळवले आहे की हे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत येत नाही, आईची प्रकृती. ते खरेच आहे. आईला सहा महिने सांगितले. तिने बोटांवर एप्रिलपर्यंत मोजले आणि म्हणाली की तोवर मी मरत नाही, तू मात्र मला जपून उचलायला शीक. शिकते आहे. आज परवानगी मागून उचलले.

इथून पुढे दर आठवड्याला लिहीन. आईचे, कुत्र्याचे, पानगळीचे.

कळावे. जे लिहिता येत नाही, तेही कळावे.

तुझी,
नेल्डाताई